ठाणे जिल्ह्यातील विद्यार्थ्याला नोंदणीकृत परिचारिका होण्यासाठी मदत कशी करावी

ठाणे जिल्ह्यातील सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात प्रसूती कक्षातील शेजारशेजारच्या खाटांवर आगरी बोलणारी, उर्दू बोलणारी, भोजपुरी बोलणारी आणि शहापूरच्या एखाद्या पाड्यावरून आलेली कातकरी बाई एकाच दिवशी असू शकते. नेमके कुठे दुखते, गोळ्या मध्येच का सोडल्या, घरी कोणाला विचारल्याशिवाय दवाखान्यात येता येत नाही, हे रुग्ण बहुधा डॉक्टरांच्या आधी सिस्टरला सांगतो, आणि सिस्टरला त्याची बोली व घरची रीत ठाऊक असेल तर मोकळेपणाने सांगतो. म्हणूनच या सर्व वस्त्यांतील मुले-मुली परिचर्येत यावीत, ही मी रुग्णसुरक्षेची गरज मानतो. नोंदणीचे नियम कडक असावेत, कारण तेही रुग्णासाठीच आहेत. मात्र त्यांच्या दारापर्यंत पोहोचण्यातच अनेकांची वाट चुकते. हे मार्गदर्शन अशा विद्यार्थ्यांना हात देणाऱ्या शिक्षकांसाठी, नातेवाइकांसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी आहे.

सर्वप्रथम विद्यार्थ्याची बारावीची शाखा पाहावी. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात आणि राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाची परीक्षा द्यावी लागते. अनेक आश्रमशाळांत विज्ञान शाखा नसते, त्यामुळे तेथील हुशार विद्यार्थीही हा मार्ग आपल्यासाठी नाही असे समजून बसतात. त्यांना आवर्जून सांगावे की तीन वर्षांचा जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसविका) पदविका अभ्यासक्रम कला शाखेतून, इंग्रजी विषयासह बारावी उत्तीर्ण झालेल्यांनाही खुला आहे आणि पुढे दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमातून बी.एस्सी. पदवी घेता येते. दोन वर्षांच्या एएनएमला (सहायक परिचारिका व प्रसविका अभ्यासक्रमाला) केवळ मुलींना प्रवेश मिळतो. मुलाला परिचर्येत यायचे असेल तर त्याने जीएनएम किंवा बी.एस्सी. यांचाच विचार करावा. नोकरीबाबतही त्याला आधीच कल्पना द्यावी, कारण एम्ससारख्या केंद्रीय संस्थांत परिचर्या अधिकाऱ्यांची 80 टक्के पदे महिलांसाठी आहेत. तरीही पुरुष रुग्णांच्या कक्षात, मनोरुग्णालयात आणि अपघात विभागात ब्रदरची, म्हणजे पुरुष परिचारकाची गरज रोज भासते, हे त्याच्या पालकांना समजावून सांगावे.

कोणतेही शुल्क भरण्यापूर्वी संस्थेची खातरजमा करावी. रेल्वे स्थानकांच्या परिसरात सहा महिन्यांच्या किंवा वर्षभराच्या ‘नर्सिंग’ कोर्सचे फलक दिसतात. असा कोर्स करून रुग्णसहायकाचे काम मिळू शकते, परंतु परिचारिका म्हणून नोंदणी मिळत नाही, आणि हे बहुतेक कुटुंबांना कर्ज काढून झाल्यावर कळते. परिचारिकांची नोंदणी करणाऱ्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत संस्थेचे नाव आहे का, तसेच बी.एस्सी. असल्यास ती नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे की अभिमत विद्यापीठाचा भाग आहे, हे स्वतः पाहावे. दलालाने दाखवलेल्या झेरॉक्सवर विसंबू नये.

सर्वाधिक वेळ जात पडताळणीला, म्हणजे जातीच्या प्रमाणपत्राची समितीकडून तपासणी होऊन वैधता मिळवण्याला, द्यावा लागतो, आणि आरक्षित जागा हातच्या जातात त्याही बहुधा येथेच. अनुसूचित जमातींचे दावे ठाण्यातील अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीकडे जातात, तर इतर प्रवर्गांसाठी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती असते. बारावीचा निकाल लागेपर्यंत थांबू नये. अकरावीतच महाविद्यालयामार्फत प्रस्ताव पाठवावा. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या मानीव दिनांकांपूर्वीच्या (त्या-त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखांपूर्वीच्या) वास्तव्याचे व जातीचे पुरावे विचारले जातात. वीटभट्टीच्या कामामुळे वर्षातील अनेक महिने स्थलांतरात काढणाऱ्या कातकरी कुटुंबाकडे असा कागद घरी सापडणे अवघडच असते. अशा वेळी आजोबांच्या किंवा त्यांच्या भावंडांच्या नावे जिल्हा परिषद शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये नोंद आहे का ते पाहावे, आणि तहसील कार्यालयात गाव नमुना 14 मधील जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींची प्रमाणित प्रत मागावी. रक्ताच्या नात्यातील कोणाला आधीच वैधता मिळालेली असेल तर ते प्रमाणपत्र व वंशावळ जोडावी. दाखला, आधार आणि जातीचे प्रमाणपत्र यांतील नावांची वर्तनी जुळत नसेल तर ती दुरुस्ती प्रस्ताव देण्यापूर्वीच करून घ्यावी.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर करावा आणि आदिवासी विद्यार्थ्याच्या वसतिगृहासाठी शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी.

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या बाबतीत नियम मला अपुरा वाटतो. प्रवेशातील 5 टक्के आरक्षण पायांच्या 40 ते 50 टक्के अस्थिव्यंगत्वापुरतेच ठेवलेले आहे, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकार मान्य केले आहेत. हा नियम बदलेपर्यंत वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र अर्जापूर्वी हाती ठेवावे आणि त्यावरील टक्केवारी नीट तपासावी.

अंतिम परीक्षा उत्तीर्ण होताच महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करावी. केवळ गुणपत्रिकेच्या आधारे परिचारिकेचे काम करता येत नाही. नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे तास दाखवावे लागतात, म्हणून कार्यशाळांची प्रमाणपत्रे पहिल्या वर्षापासून एका फाइलमध्ये जपावीत. केरळमधून किंवा अन्य राज्यातून नवी मुंबईत आलेल्या परिचारिकांनी येथील परिषदेतही नोंदणी करून घ्यावी. संसदेने 2023 मध्ये 1947 च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेणारा कायदा संमत केला असून त्यात राष्ट्रीय व राज्य आयोगांची आणि अद्ययावत राहणाऱ्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. त्यामुळे पत्ता किंवा विवाहानंतरचे नाव बदलल्यास नोंद वेळीच सुधारावी.

रुग्णालयाच्या अधिसेविकांना (मेट्रनना) आणि भरती पाहणाऱ्यांना एक विनंती आहे. अर्जात उमेदवाराला येणाऱ्या बोली व भाषांचा रकाना ठेवावा आणि कक्षनिहाय नेमणूक करताना तो खरोखर वाचावा. जाहिरातीची प्रत शहापूरच्या प्रकल्प कार्यालयात, मुरबाडच्या आश्रमशाळांत आणि मुंब्र्यातील उर्दू माध्यमाच्या शाळांत अर्जाच्या मुदतीपूर्वी किमान महिनाभर पोहोचवावी, म्हणजे प्रमाणपत्रे गोळा करण्यास उमेदवारांना पुरेसा अवधी मिळेल.