सार्वजनिक धोरणाची पदवी: प्रवेश घेण्याआधी बडोद्याच्या घरात मांडायचा हिशेब

सार्वजनिक धोरणाची (पब्लिक पॉलिसी), म्हणजे शासनाची धोरणे व योजना कशा आखाव्यात आणि तपासाव्यात हे शिकवणारी, दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी दिल्ली व मुंबईच्या आयआयटीत, बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात आणि अनेक खासगी संस्थांत मिळते. प्रवेशाचा विचार करताना घरात बहुधा दोनच आकड्यांची चर्चा होते: शुल्क किती आणि पुढे ‘पॅकेज’ किती. केवळ त्यांवर निर्णय घेऊ नये, कारण शुल्काच्या आकड्यात खर्चाचा मोठा भाग दिसतच नाही आणि पॅकेजमधील बरीच रक्कम हातात येत नाही.

प्रथम खर्च मांडावा. समजा, दोन वर्षांचे शुल्क ८ लाख आहे. परगावी राहण्याजेवण्यास महिना १४,००० रुपये लागतील. परंतु बडोद्यात रावपुऱ्यातल्या घरी राहूनही मुलीवर ६,००० खर्च झालेच असते, म्हणून फक्त ८,००० चा फरक धरावा, म्हणजे दोन वर्षांचे १ लाख ९२ हजार. त्यात सोडून दिलेली कमाई मिळवावी. बडोद्यात आज २०,००० ची नोकरी मिळत असेल, तर दोन वर्षांचे ४ लाख ८० हजार हाही पदवीचाच खर्च होय. एकूण १४ लाख ७२ हजार झाले.

आता मिळकत. पदवीनंतर दिल्लीत हातात ५०,००० पडतील असे गृहीत धरू आणि न शिकता बडोद्यातच राहिल्यास तोवर पगार २५,००० झाला असेल असे मानू. फरक २५,००० चा वाटतो. पण दिल्लीत भाडे, जेवण व प्रवासाला २०,००० गेले तर ३०,००० उरतात आणि बडोद्यात घरी राहून १९,००० उरतात, म्हणून खरा फायदा महिना ११,००० चाच. या गतीने, व्याज न धरताही, खर्च भरून निघण्यास अकरा वर्षांहून अधिक लागतात. शुल्क ८ लाखांऐवजी १ लाख असेल, तर हेच काम सहा वर्षांच्या आत होते. पगार पुढे वाढतो हे खरे, पण तो दोन्हीकडे वाढतो. म्हणून आपले स्वतःचे आकडे घालून ही मांडणी पुन्हा करावी.

कर्ज काढणार असाल तर अधिक सावध राहावे. ८ लाखांचे कर्ज दर सहा महिन्यांनी दोन-दोन लाख असे मिळाले, व्याज १० टक्के असले आणि परतफेड अभ्यासक्रमानंतर एका वर्षाने सुरू झाली, तर सरळव्याजानेही तोवर १ लाख ८० हजार चढलेले असतात. ९ लाख ८० हजारांचा दहा वर्षांचा हप्ता सुमारे १२,९५० रुपये येतो. वरच्या उदाहरणात तो वजा केल्यास दिल्लीत १७,०५० उरतात, म्हणजे बडोद्यात राहिलेल्या मुलीपेक्षाही कमी. हप्ता हातातल्या पगाराच्या पाचव्या हिश्शापुढे जाऊ नये, असे माझे मत आहे. ५०,००० च्या पगाराला त्या हिशेबाने सुमारे सहा लाखांचेच कर्ज पेलते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास २०२४ साली मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत १० लाखांपर्यंतच्या कर्जावर स्थगितीच्या काळात, म्हणजे परतफेड सुरू होण्यापूर्वी, ३ टक्के व्याजसवलत आहे, परंतु ती ठरावीक संस्थांनाच लागू असल्याने संस्थेचे नाव यादीत आहे का, हे आधी पाहावे.

पगाराचा अंदाज संस्थेच्या पत्रकावरून बांधू नये. सरासरी पगार दोन-तीन मोठ्या नेमणुकांनी फुगतो, म्हणून मध्यक, म्हणजे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, विचारावा, आणि तो वर्गातील सर्वांचा आहे की केवळ नोकरी मिळालेल्यांचा, हेही विचारावे. शासकीय प्रकल्पांतील ‘सल्लागार’ पदे पुष्कळदा अकरा महिन्यांच्या कराराची असतात. मानधनातून दहा टक्के कर आधीच कापला जातो आणि भविष्यनिर्वाह निधी नसतो. तेथे वर्षाचे उत्पन्न बारा महिन्यांचे धरणे धोक्याचे आहे. सनदी सेवेची परीक्षा हे ध्येय असेल, तर ही पदवी आवश्यक नाही. तेथे कोणतीही मान्यताप्राप्त पदवी चालते.

शिष्यवृत्तीच्या अटीही खर्चातच मोजाव्यात. सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानाने १९१३ साली डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार त्यांच्याकडून लिहून घेतला होता. त्या मदतीचे मोल फार मोठे होते, पण बंधनही मोठे होते. आजही सेवेचा करार असल्यास किती वर्षे, कोणत्या गावी आणि मोडल्यास किती रक्कम, हे सही करण्याआधी लेखी घ्यावे.

पदवीनंतर लगेच मोठे शुल्क भरण्यापेक्षा आधी एक-दोन वर्षे काम करावे, असा माझा आग्रह आहे. संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या लॅम्प अधिछात्रवृत्तीत (फेलोशिपमध्ये) तरुण पदवीधर खासदारांसोबत काम करतात व मानधनही मिळवतात. बडोद्यात एखाद्या संस्थेत पाणी, शाळा वा नगरनियोजनाची आकडेवारी हाताळली, तरी विषय आपल्याला मानवतो का हे कळते. बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या पुरासारखा प्रश्न ज्याला खरोखर सोडवायचा आहे, त्याला कदाचित नगरनियोजन, जलशास्त्र किंवा अर्थशास्त्राचीच पदवी अधिक उपयोगी पडेल, आणि त्यांपैकी एखादी सयाजीराव विद्यापीठात घरी राहून मिळत असेल, तर वरच्या मांडणीत तिचेही आकडे घालून दोन्ही बेरजा शेजारी ठेवाव्यात.