लेकराचा ताबा किंवा भेट मागायची तर: अर्ज कुठे, कसा आणि काय लिहून

नवरा-बायकोचं बिनसलं, लेकरू एकाकडे राहिलं आणि दुसऱ्याला फोनवरही बोलू देत नाहीत. मग चार माणसं घेऊन जायचं आणि लेकरू उचलून आणायचं, असा सल्ला पारावर फुकट मिळतो. तो ऐकू नका. मारहाण-धमकीचा गुन्हा नोंदला गेला, तर तोच कागद पुढे कोर्टात तुमच्याविरुद्ध वाचला जातो. तंटामुक्त समितीत समेट झाला तर उत्तमच. पण पाचशेच्या स्टॅम्पवरच्या लिखापढीच्या जोरावर पोलीस लेकरू आणून देत नाहीत. त्याला कोर्टाचा आदेशच लागतो.

पहिलं काम, योग्य कोर्ट शोधणं. पालक व पाल्य अधिनियम, 1890 प्रमाणे मूल एरवी जिथे राहतं, तिथे अर्ज चालतो. तुम्ही आर्णीचे आणि लेकरू काटोलला मामाकडे कायमचं राहत असेल, तर नागपूर जिल्ह्यात जावं लागेल. कौटुंबिक न्यायालय असेल तिथे ते, नसेल तर जिल्हा न्यायालय. हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोटाचा दावा आधीच चालू असेल, तर त्याच कोर्टात कलम 26 खाली मागता येतं. कौटुंबिक हिंसाचाराची केस केलेल्या बाईला दंडाधिकारी तात्पुरता ताबा देऊ शकतात.

वकिलाच्या फीसाठी वावर गहाण टाकू नका. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. कमी उत्पन्नाच्या इतरांनाही मिळतो. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत विचारा किंवा 15100 वर फोन करा.

सोबत जन्मदाखला, लग्नाचा पुरावा, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला न्या. लेकरासाठी पैसे देत असाल तर हातात देऊ नका, खात्यावर टाका, म्हणजे नोंद राहते. आणि भेटू देत नाहीत म्हणून खावटी (पोटगी) थांबवू नका. कोर्ट या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरतं.

आता खरी मेख. मूळ अर्जाच्या तारखा वर्षानुवर्षे चालू शकतात, म्हणून त्याच्यासोबतच अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, भेटीचा अर्ज टाका. ‘भेट मिळावी’ एवढंच लिहिलं, तर वेळ-जागेवरून दरवेळी नवं भांडण. वार, वेळ, जागा, आणणार कोण, पोचवणार कोण, सगळं लिहा. गावातून एसटी सकाळी एकदाच सुटत असेल, तर दहा ते बाराची भेट तुमच्या काय कामाची? एसटीच्या वेळा बघून तास मागा. आठवड्यातून ठरल्या वेळी व्हिडिओ कॉलही मागता येतो. दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी मागा. उन्हाळ्याचीही मागा, पण आपल्याकडे विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तेव्हा तारखा त्या हिशोबाने घाला. तान्हा पोळा नाव घेऊन लिहा. लाकडी नंदी ओढायचं वय लवकर सरतं.

पाच वर्षांखालचं मूल हिंदू कायद्यानुसार सहसा आईकडे राहतं, पण म्हणून बापाची भेट बंद होत नाही. समजत्या वयाच्या मुलाशी न्यायाधीश स्वतः चेंबरमध्ये बोलू शकतात. त्याला पढवून पाठवू नका. कोणाची चूक किती, कोणाची शेती किती, यापेक्षा लेकराचं हित कशात आहे हेच कोर्ट बघतं.

आदेश झाला की लगेच नक्कल काढा. समोरच्यांनी लेकरू आणलंच नाही, तरी तुम्ही ठरल्या जागी जा, पूर्ण वेळ थांबा, एसटीचं तिकीट जपून ठेवा आणि वकिलामार्फत लेखी तक्रार कोर्टासमोर ठेवा. लेकराच्या जिवाला धोका वाटला तर 1098 वर फोन करा. त्याला बेकायदा डांबून, दडवून ठेवलं असेल तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे डांबलेल्याला कोर्टापुढे हजर करायला लावणाऱ्या याचिकेचा, मार्ग आहे.

ताब्याचा निकाल विरोधात गेला तरी तो कायमचा नसतो. परिस्थिती बदलली, मूल मोठं झालं, की त्याच कोर्टात बदलासाठी पुन्हा अर्ज करता येतो.