पाणी ४० फुटांवर आलं की सर्व्हर कोण उचलणार?

सांगलीत पावसाळ्यात सकाळी उठल्या उठल्या लोक आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि आपल्या गल्लीत कितव्या फुटाला पाणी शिरतं ते प्रत्येकाला पाठ असतं. कुठल्या आकड्याला गाडी हलवायची, कुठल्या आकड्याला फ्रीज माळ्यावर चढवायचा, सगळं ठरलेलं. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ च्या वर गेलं तेव्हा हे गणितही कोलमडलं, ते सोडा. पण मी ज्या ऑफिसांची कॉम्प्युटरची कामं बघतो, हळदीचे व्यापारी, पतसंस्था, छोटे कारखाने, तिथं विचारलं की कितव्या फुटाला सर्व्हर उचलायचा आणि कोण उचलणार, की सगळे एकमेकांकडं बघतात. डिझास्टर रिकव्हरी प्लॅन म्हणजे हेच आधी ठरवून कागदावर लिहायचं. छोट्या ऑफिसला चार पानं पुरतात.

सुरुवात मशीनपासून करू नका, कामापासून करा. बिलिंग, पगार, स्टॉक, बँकेची कामं, ईमेल अशी यादी काढा आणि प्रत्येक कामाला दोन प्रश्न विचारा. एक, हे बंद पडलं तर किती वेळ ढकलून नेता येईल? दोन, शेवटचा किती वेळचा डेटा गेला तर तो परत हातानं भरता येईल? पहिल्याला आरटीओ म्हणतात आणि दुसऱ्याला आरपीओ (आरटीओ म्हटल्यावर एका शेठनी मला गाडीच्या पासिंगचं विचारलं होतं, तेव्हापासून मी मराठीतच सांगतो). आणि हे प्रश्न मालकाला एकट्याला विचारू नका, मालक म्हणणार एक मिनिट पण बंद नको, मग खर्च सांगितला की म्हणणार दोन दिवस चालतंय की. काउंटरवर बसणाऱ्या माणसाला विचारा. सौद्याच्या दिवशी बिलिंग दोन तासांच्या वर थांबलं तर गाड्या अडकतात हे त्यालाच माहीत असतं, आणि पगाराचं सॉफ्टवेअर महिन्याचे वीस दिवस बंद असलं तरी कुणाला कळणार नाही हे पण तोच सांगतो. ह्या उत्तरांवरून कुठं पैसे घालायचे ते ठरतं.

आता बॅकअप. एका ऑफिसात अकाउंटंट काका रोज संध्याकाळी न चुकता पेनड्राइव्हवर टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप घ्यायचे, वहीत तारीख टाकून सही पण करायचे. एक दिवस मशीनची हार्डडिस्क गेली, मी पेनड्राइव्ह लावला, आत एकच फाइल, साइज २ केबी. डेस्कटॉपवरचा टॅलीचा शॉर्टकट! दीड वर्ष रोज तो शॉर्टकट कॉपी होत होता. काकांची चूक नाही, त्यांना जसं दाखवलं तसं त्यांनी केलं, उघडून कुणीच कधी बघितलं नव्हतं. त्यामुळं बॅकअप झाला की साइज बघायची सवय लावा, काल ८०० एमबी होता आणि आज २ केबी असेल तर काहीतरी गडबड आहे, एवढं कुणालाही कळतं.

किती कॉप्या ठेवायच्या त्याचा जुना नियम आहे ३-२-१: तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर (डिस्क, क्लाउड वगैरे), त्यातली एक दुसऱ्या जागी. लोक ह्या शेवटच्या एकाला हलक्यात घेतात. दुसरी जागा म्हणजे सर्व्हरखालचा ड्रॉवर नव्हे. आणि सांगलीवाल्यांनी कोल्हापूरच्या शाखेत कॉपी ठेवली तर ती पण दुसरी जागा धरू नका, कारण २०१९ ला दोन्ही शहरं एकाच वेळी पाण्यात होती आणि हायवे कित्येक दिवस बंद होता, कॉपी सुखरूप असती तरी आणणार कशी? पुण्याला ठेवा नाहीतर क्लाउडवर. क्लाउडवर ठेवलं तरी ते कुठल्यातरी बिल्डिंगमध्येच असतं म्हणा. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते त्यांचं दोन्ही गेलं. म्हणून बॅकअप दुसऱ्या रीजनमध्ये, म्हणजे दुसऱ्या भागातल्या डेटा सेंटरमध्ये, जातोय का ते सेटिंगमध्ये जाऊन बघा. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवायचा असा २०२२ पासून नियमच आहे, तेव्हा रीजन निवडताना ते पण बघा.

अजून एक गैरसमज म्हणजे गूगल ड्राइव्हला सिंक चालू आहे म्हणजे बॅकअप आहे. सिंक म्हणजे आरसा, इकडं फाइल डिलीट झाली की तिकडं पण डिलीट, इकडं रॅन्समवेअरनं (फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) लॉक केली की लॉक झालेलीच वर जाते. जुन्या व्हर्जन किती दिवस राहतात ते तपासून घ्या. आणि कायम लावून ठेवलेली एक्स्टर्नल डिस्क रॅन्समवेअरच्या वेळी पहिली जाते. साधा उपाय: दोन डिस्क घ्या, एक सम तारखेची, एक विषम तारखेची, त्या दिवशीची लावायची आणि काम झालं की काढून घरी न्यायची.

डेटा मिळाला म्हणजे काम सुरू झालं असं मात्र होत नाही, इथंच सगळ्यात जास्त वेळ जातो. नवीन मशीन आणलं, टॅली टाकलं, आता लायसन्स परत चालू करायला सिरियल नंबर पाहिजे आणि ज्या ईमेलवर रजिस्टर आहे ती आयडी पाहिजे, आणि ती आयडी तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलाची निघते. जीएसटीचा ओटीपी मालकाच्या ज्या नंबरवर जातो तो फोन बुडालेल्या गाडीत. डीएससीचा (डिजिटल सहीचा) डोंगल ऑफिसच्या कपाटात, कपाट पाण्यात. म्हणून एक पिशवी करा, झिपलॉकची चालेल. त्यात डोंगल (पिन वेगळीकडं), लायसन्सचे तपशील, इंटरनेट आणि सॉफ्टवेअरवाल्यांचे कस्टमर नंबर, राउटरच्या सेटिंगची प्रिंट, आणि सगळ्यांचे फोन नंबर कागदावर. पुरात लाइट बंद करतात, मग मोबाइलचे टॉवर पण मान टाकतात, तेव्हा नंबर फोनमध्ये असून उपयोग नाही. पासवर्ड एका बंद पाकिटात, पाकीट मालकाच्या घरी, पासवर्ड बदलला की पाकीट पण बदलायचं. सगळे लॉगिन एकाच माणसाच्या डोक्यात असतील तर तो माणूस आजारी पडला तरी तुमच्यासाठी तो पूरच.

मग कॉम्प्युटरशिवाय दोन दिवस कसे काढायचे ते लिहा, ह्याला बिझनेस कंटिन्युइटी म्हणतात. छापील बिलबुक ठेवा, त्याची सिरीज वेगळी ठेवा म्हणजे नंतर एंट्री करताना नंबर भिडणार नाहीत. सॉफ्टवेअर बंद असलं तरी ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा कागद) थेट पोर्टलवरून निघतं, पण ते लॉगिन ऑफिसात दोघांना तरी यायला पाहिजे. टर्नओव्हर पाच कोटींच्या वर असेल तर ई-इन्व्हॉइसचं (बिल सरकारी पोर्टलवर नोंदवायचं) प्रकरण येतं, तिथं नुसत्या बिलबुकवर भागत नाही, सीएला आत्ताच विचारून ठेवा, पावसात फोन करून नको.

कधी काय करायचं ते आकड्याला बांधा. आम्ही एका ठिकाणी असं लिहिलंय: ३५ फूट झाले की जादा बॅकअप आणि डिस्क घरी. ४० झाले की सर्व्हर नीट शटडाउन करून वरच्या मजल्यावर, काढण्याआधी मागच्या वायरींचा फोटो. प्रत्येक कामापुढं दोन नावं, कारण पहिल्याचंच घर पाण्यात असू शकतं. आणि मशीन बुडालंच तर पंख्याखाली वाळवून चालू करून बघू नका, आतल्या चिखलावर डिस्क फिरली की उरलेली आशा पण संपते, तशीच रिकव्हरीवाल्याकडं द्या.

पूर नसताना पण बंद पडतं हे विसरू नका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक ह्या कॉम्प्युटर सुरक्षेच्या कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटनं जगभरातली अंदाजे ८५ लाख विंडोज मशीनं निळी स्क्रीन दाखवून बंद पडली, विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहून दिले. त्याच महिन्याच्या शेवटी बँकांना सिस्टिम पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअर आला आणि देशातल्या जवळपास ३०० छोट्या बँकांचे पेमेंट व्यवहार थांबले. त्या बँकांच्या स्वतःच्या ऑफिसात काहीच बिघडलं नव्हतं! तेव्हा तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला लेखी विचारा, डेटा कुठं आहे, बॅकअप कुठं आहे, बंद पडलं तर किती तासात देणार. तोंडी ‘टेन्शन घेऊ नका सर’ चालणार नाही.

रॅन्समवेअर आला तर पहिल्यांदा लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा. स्क्रीनचा फोटो घ्या, लगेच फॉरमॅट मारू नका. सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था) सहा तासांच्या आत कळवायचं असतं, पैसे गेले असतील तर १९३० ह्या सायबर हेल्पलाइनला फोन. आणि मशीन साफ झाल्याची खात्री होईपर्यंत बॅकअपची डिस्क जवळ पण आणू नका, घाईत लावली आणि ती पण गेली असं मी बघितलंय.

हे सगळं लिहून झालं की रंगीत तालीम. एखाद्या शनिवारी जुना लॅपटॉप घ्या, सर्व्हर बंद आहे असं धरा, आणि फक्त पिशवी आणि डिस्क वापरून कालचं शेवटचं बिल प्रिंट करून दाखवा. घड्याळ लावा. मी बाजूला बसतो आणि तोंड उघडत नाही, हे सगळ्यात अवघड असतं. एका ऑफिसात दोन तासांचं ठरलं होतं, पहिल्या तालमीला पावणेसहा तास लागले, त्यातला दीड तास प्रिंटरचा ड्रायव्हर शोधण्यात. आता तो ड्रायव्हर पेनड्राइव्हवर टाकून पिशवीत आहे, पुढची तालीम मे महिन्यात, पावसाच्या आधी.