हिवाळ्याच्या सुट्टीत ग्रुपने फिरायला निघताय? या चुका टाळा

सेमिस्टरचा शेवटचा पेपर संपतो, सबमिशनचा धुरळा खाली बसतो आणि ग्रुपवर "चला ना कुठेतरी" सुरू होतं. पावसाळ्यात हेच विचारलं की घरचे दहा प्रश्न विचारतात. डिसेंबरमध्ये कोणी फारसं काही म्हणत नाही. आभाळ निळं, रस्ते कोरडे, धबधबे गप्प, मग धोका कसला? हिवाळ्यातल्या सहली फसतात त्या याच निर्धास्तपणामुळे. त्यातल्या बऱ्याचशा चुका घड्याळाच्या आणि कॅलेंडरच्या असतात: चुकीचा वार, चुकीचा महिना, चुकीची वेळ. पुण्यातून निघणाऱ्या ग्रुपना नजरेसमोर ठेवून हे लिहितोय, पण मुंबई-नाशिककरांनाही यातलं बरंच लागू पडेल.

जागा ठरली, वार बघितलाच नाही

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. आता ग्रुपचा नेहमीचा बेत बघा: रविवारी रात्री पुण्यातून निघायचं, सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ. दोन्ही दिवशी दारातून परत! हाच बेत उलटा केला, सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा, की सगळं सुरळीत. सोमवारी सकाळी छत्रपती संभाजीनगरला पोचल्यावर हे कोणाच्या लक्षात आलं तर अजिंठ्याचा हट्ट न धरता गाडी वेरूळकडे वळवा आणि वाटेत दौलताबादचा किल्ला घ्या. घारापुरीची लेणीही सोमवारी बंद असतात, तेव्हा मुंबईतल्या मित्रांकडे गेलात तर गेटवेला लाँचचं तिकीट काढण्याआधी वार आठवा.

अजिंठा आणि वेरूळ एकाच दिवशी 'करणारे' वीर असतात. शहरापासून अजिंठा साधारण शंभर किलोमीटर आणि वेरूळ तीस, तेही वेगळ्या दिशेला. शिवाय अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढे तिथल्या बसने जावं लागतं, त्यात वेळ जातो. कैलास लेण्यासमोर वीस मिनिटं उभं राहून पळायचं असेल तर फोटो घरबसल्या बघितलेले काय वाईट?

फोटो सप्टेंबरचा, सहल डिसेंबरची

कासच्या पठारावरचा फुलांचा गालिचा ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा असतो. डिसेंबरात तिथे वाळलेलं गवत आणि वारा. धबधब्यांचंही तसंच. रील कधीची आहे हे रीलवर लिहिलेलं नसतं.

भिगवणची गंमत याहून बारीक आहे. पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटरवर उजनी धरणाच्या फुगवट्याचं पाणी पसरलंय. कुंभारगाव, डिकसळ या गावांतून होड्या निघतात आणि रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला तिथे झुंबड उडते. हे पक्षी उथळ पाण्यातल्या चिखलात चोच उलटी घालून खातात. त्यामुळे पाऊस चांगला झाला आणि उजनी काठोकाठ भरली, की डिसेंबरात त्यांना उभं राहायलाही जागा नसते. पाणी ओसरून कडेचा चिखल उघडा पडतो तसे ते वाढत जातात. अशा वर्षी जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी बरा. निघण्याआधी तिथल्या होडीवाल्याला फोन करून "पक्षी आलेत का" एवढंच विचारू नका, "पाणी किती उतरलंय" हे विचारा. जायचं पहाटे, म्हणजे साडेसहा-सातला होडीत बसलेलं असायला हवं. अकरा वाजता पोचून होडीवाल्याला "जरा जवळ घ्या, उडवा त्यांना" म्हणणारे ग्रुप दर वर्षी दिसतात. पक्ष्यांना उडवणं म्हणजे त्यांना उपाशी पळवणं. ते करू नका, आणि होडीवाला स्वतःहून करायला लागला तर त्यालाही थांबवा. उशीर झालाच तर होडी सोडून द्या आणि काठावरच्या खानावळीत तळलेली चिलापी खाऊन या. दिवस वाया जाणार नाही.

हुरड्याचंही वेळापत्रक असतं. रब्बीची ज्वारी दाण्यात दूध धरून टपोरी झाली की हुरडा. साधारण डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत. नोव्हेंबरच्या शेवटी 'हुरडा पार्टी'ची जाहिरात दिसली तर कणसं कुठली, असं आधी विचारा. आगटीवर भाजून हातावर चोळलेल्या गरम हुरड्याला जी चव असते ती डब्यातून आणलेल्याला नाही.

सूर्य सहाला मावळतो

ही हिवाळ्यातली सगळ्यात महागडी चूक. डिसेंबरच्या मध्याला पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांत पायाखालचं दिसेनासं होतं. जूनमध्ये सात वाजेपर्यंत उजेड असतो, त्या सवयीने डिसेंबरचा ट्रेक आखला की फसगत ठरलेली.

लोहगडाचं उदाहरण घ्या. लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, भाज्याची लेणी बघायची, गड चढायचा, विंचूकाट्यावर, म्हणजे गडाच्या चिंचोळ्या सोंडेवर जायचं आणि 'जमलं तर शेजारचा विसापूर किल्लाही'. कागदावर सोपं. पण रात्रभर जागलेला ग्रुप शिवाजीनगर स्टेशनवर जमेपर्यंत अकरा वाजतात. दुपारच्या वेळी या मार्गावर लोकलमध्ये मोठी फट असते, तीत अडकलात की मळवलीलाच दोन. मग जे होतं ते सगळ्यांना माहीत आहे: धावतपळत गड, फोटो आणि अंधारात उतरण.

हिशोब उलटा करायचा. पायथ्याला पाचला पोचायचं, उतरायला दीड तास धरला तर साडेतीनला माथा सोडायचा. चढायला दोन तास आणि वर दीड तास. म्हणजे बाराला चढायला सुरुवात, त्याआधी भाजे. हे जमत नसेल तर विसापूर कापा, भाजे कापा, पण साडेतीन हलवू नका. ग्रुपमध्ये एकाला हे काम द्या, शक्यतो ज्याचं कोणी ऐकतं अशाला.

पावसाळ्यात निसरडं असतं हे सगळ्यांना पाठ आहे. हिवाळ्यात वाळलेलं गवत झोपतं आणि त्याखालच्या मुरमावरून पाय सर्रकन जातो. घसाऱ्याच्या वाटेवर उतरताना चढण्याइतकाच, कधी जास्त वेळ लागतो. गुळगुळीत तळव्याचे स्नीकर इथे दगा देतात.

आणि वाट चुकलीच, अंधारही पडला, तर? खालच्या गावातले दिवे दिसतात आणि वाटतं, या ओढ्याने सरळ उतरलं की पोचलो. सह्याद्रीत हा मोह जिवावर बेततो. हा डोंगर लाव्हाच्या थरांवर थर बसून झालाय, म्हणून त्याचा उतार पायऱ्यापायऱ्यांचा असतो: सपाटी, मग कडा, पुन्हा सपाटी. पावसाळ्यात जिथे धबधबा पडतो, तिथेच हिवाळ्यात कोरडा ओढा तुम्हाला आणून सोडतो, कड्याच्या टोकावर. दिवे खालीच असतात, वाट नसते. तेव्हा ओढ्यात उतरू नका. शेवटची खात्रीची खूण, म्हणजे देऊळ, टाकं किंवा बांधीव पायरी, तिथपर्यंत मागे या आणि तिथेच थांबा. सगळे एकत्र बसा, एक फोन चालू ठेवून बाकीचे बंद करा, ११२ ला फोन करा, लोकेशन पाठवा. राज्यात गिर्यारोहकांचं बचाव समन्वय केंद्र आहे आणि गावोगावच्या गडप्रेमींची पथकं त्याला जोडलेली आहेत, ती येतात. पण हलणाऱ्या माणसाला शोधणं अवघड. एक रात्र थंडीत काढावी लागली तरी चालेल, त्यासाठीच पाठीवरच्या पिशवीत विंडचीटर, कानटोपी आणि डोक्याला लावायची बॅटरी असायला हवी. फोनचा टॉर्च ही बॅटरी नव्हे, तो फोन संपवायचा रस्ता आहे.

पाणी मात्र थंडीतही माणशी तीन लिटर. दुपारचं ऊन चांगलं भाजतं, फक्त घाम लगेच सुकतो म्हणून कळत नाही.

समुद्राला तिथी असते

पौर्णिमा बघून अलिबाग ठरवणारे ग्रुप खूप. चांदणं छान मिळतं, पण समुद्रातला कुलाबा किल्ला, जिथे ओहोटीलाच चालत जाता येतं, तो हुकतो. कोकणात एक जुना हिशोब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला आणि अमावास्येला अकरा-बाराच्या आसपास. ओहोटी त्यानंतर सहाएक तासांनी. म्हणजे पौर्णिमेच्या भर दुपारी कुलाब्याभोवती पाणी आणि ते ओसरणार संध्याकाळी सहाला, अंधार पडताना. एकादशीला मात्र भरती सव्वाआठला, ओहोटी सव्वादोनला. जेवून चालत जा, तासाभरात परत या. हा अंदाज आहे, त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक बघाच, आणि किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला विचारा. त्याच्या घोड्याला तुमच्या ॲपपेक्षा जास्त कळतं. सप्तमी-अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही लहान, तेव्हा पाणी पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाइतकं मागे हटत नाही, हेही धरून चला. किल्ल्यात असताना पाणी चढलं तर 'गुडघ्याएवढंच आहे' म्हणत निघू नका. आतच थांबा, होडी मिळते का बघा किंवा पुढची ओहोटी होऊ द्या.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्यातल्या एका कॉलेजच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. पावसाळा नव्हता, फेब्रुवारीची दुपार होती. कोकणचे किनारे सपाट दिसतात, पण वाळूखाली खड्डे असतात आणि ओढ कुठे आहे हे वरून कळत नाही. पोहता येणाऱ्यांची संख्या मोजून धीर येऊ देऊ नका, तरणतलावातलं पोहणं इथे कामाला येत नाही. गुडघ्यापुढे जायचं नाही, हात धरून साखळी करून तर मुळीच नाही, कारण एकाचा पाय सुटला की सगळी साखळी जाते. पाण्याने आत ओढलंच तर किनाऱ्याकडे झुंजत दमू नका. किनाऱ्याला समांतर, आडवं सरका, हात वर करा. बाहेरच्यांनी उडी मारण्याऐवजी दोर, रिकामं कॅन, जे तरंगेल ते फेकावं.

गाडी वाळूवर नेऊ नका. नेलीत, रुतली, तर ॲक्सिलरेटर दाबून ती आणखी खोल घालू नका. टायरमधली हवा कमी करा, चाकांपुढे पायपुसणी घाला आणि गावातला ट्रॅक्टर बोलवा. भरती चढायच्या आत.

गाडी कोणाची, चालवणार कोण

ओळखीच्या ओळखीतून स्वस्तात मिळालेल्या गाडीला पांढरी पाटी असेल तर ती भाड्याने घेऊ नका. खासगी गाडी भाड्याने देणं नियमाबाहेरचं आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. प्रवासी वाहनाला पिवळी पाटी, स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं.

एका रात्रीच्या खोलीचे पैसे वाचवायला रात्रभर गाडी चालवायची, ही दुसरी चूक. हिवाळा म्हणजे साखर कारखान्यांचा हंगाम. दौंड, बारामती, जुन्नर, कुठेही जा, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. अनेकांना मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वर ऊस बाजूला आलेला. समोरच्या गाडीच्या उजेडात त्या दिसतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. जुन्नरकडे तर तोडणीच्या दिवसांत उसातला बिबट्याही बाहेर पडतो. अंधारात शेताकडेला 'एक मिनिट' म्हणून एकट्याने उतरू नका.

एसटीने गेलात तर हे प्रश्न बरेच मिटतात. मुलींना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मिश्र ग्रुपला एसटी गाडीपेक्षा स्वस्त पडू शकते. फक्त उतरल्या उतरल्या वाहकाला परतीची शेवटची गाडी विचारा. गावच्या फाट्यावरची गाडी आणि तालुक्याच्या स्टँडवरची गाडी यांत फरक असतो. शेवटची चुकली तर रस्त्यावर हात दाखवत बसण्यापेक्षा गावातल्या देवळाची किंवा शाळेची चौकशी करा, सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना भेटा.

रात्र बाहेर काढताना

पवना धरणाकाठच्या तंबूंत थंडी गडापेक्षा जास्त वाटते. गार हवा जड असते, ती रात्री दरीत उतरून बसते आणि पहाटे तंबू दवाने ओला होतो. खाली अंथरायला जाड काहीतरी न्या, पांघरुणापेक्षा तेच जास्त कामाचं. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी तंबूत किंवा बंद खोलीत कधीही घेऊ नका. तिच्या वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. रात्री धरणाच्या पाण्यात उतरायचा तर प्रश्नच नाही.

गडावर दारू हा गुन्हा आहे, आणि भिंतीवर नाव कोरणंही. केंद्राच्या संरक्षित स्मारकाचं नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२५मध्ये राजगड, लोहगड, शिवनेरी यांच्यासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा पहारा वाढणार हे उघड आहे. मुक्कामाचे नियम गडागडाला वेगळे, पायथ्याच्या गावात आधी विचारून घ्या.

कड्यांना आग्या मोहोळं असतात. धूर, अत्तर, फटाके आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात. उठल्याच तर हात झाडत उभं राहू नका. तोंड ओढणीने किंवा जर्किनने झाका आणि न थांबता लांब पळा. काटे नखाने खरवडून काढा. कोणाला घशात आवळल्यासारखं झालं किंवा श्वास लागला तर १०८.

रोख पैसे जवळ ठेवा, गडावरच्या मावशींचा क्यूआर कोड असला तरी रेंज असेलच असं नाही.

निघण्याआधी एका कागदावर सगळ्यांची नावं, घरच्यांचे नंबर, गाडीचा नंबर, कुठल्या वाटेने चढणार आणि कुठल्या वाटेने उतरणार हे लिहा. त्याचा फोटो सहलीला न येणाऱ्या एखाद्या मित्राकडे किंवा हॉस्टेलच्या रेक्टरांकडे पाठवा. बेत वाटेत बदललात तर तेही कळवा. रात्री नऊपर्यंत तुमचा फोन आला नाही तर त्यांनी कोणाला फोन करायचा, तेही त्याच कागदावर असू द्या.