नोकरी न सोडता कविता: टेड कूझरची रीत, जनावरांच्या क्लेमच्या टेबलावरून

कविता करायची तर नोकरी सोडावी लागणार, असं मला बी.ए.ला असल्यापासून वाटायचं. सोडली नाही, कारण घराचे हप्ते. मग टेड कूझर वाचनात आला. अमेरिकेतल्या नेब्रास्काचा कवी. जन्म १९३९चा, आयोवातल्या एम्स गावचा. विद्यापीठात शिकताना मिळणारी असिस्टंटशिप, म्हणजे पगारी मदतनिसाचं काम, हातची गेली म्हणून विम्याच्या नोकरीत शिरला आणि १९९९ मध्ये व्हाइस प्रेसिडेंट होऊन बाहेर पडला. पुढे २००४ ते २००६ अमेरिकेचा पोएट लॉरिएट, म्हणजे राष्ट्रकवी, २००५चं पुलित्झर पारितोषिक, आणि ज्या विद्यापीठानं असिस्टंटशिप काढून घेतली तिथेच लेखन शिकवणारा प्राध्यापक. मीही विमा ऑफिसातच आहे, साताऱ्याला, गाईम्हशींच्या क्लेमवर. म्हटलं, याची रीत उचलू. तीन वर्षं करून बघतेय.

आधी वेळ ठरवा, आणि ती पहाटेचीच ठरवा. कूझर साडेचारच्या सुमारास उठून ऑफिसच्या आधी लिहायचा. आमच्याकडे नळाला पाणी साडेपाचला येतं, म्हणून माझी वेळ पावणेपाच ते साडेपाच. पाणी आलं की वही बंद, ओळ अर्धी असली तरी. अर्धी राहिलेली बरी पडते, दुसऱ्या दिवशी सुरुवात शोधत बसावं लागत नाही. संध्याकाळी लिहीन म्हणाल तर कुकरच्या शिट्ट्या मोजाल.

विषय टेबलावर येतो तोच घ्या. कूझरच्या कवितेत पडकी शेतघरं, जुनी हत्यारं, दवाखान्यात नंबर लावून बसलेली माणसं असतात.

आता खरं काम. कूझर आपली कविता ऑफिसातल्या सेक्रेटरीला वाचायला द्यायचा. तिला कळली नाही तर परत लिहायचा. कवी मित्राला दाखवू नका, तो ‘छान’ म्हणतो कारण उद्या त्याची तुम्हाला ऐकायची असते. ज्याला कवितेशी देणंघेणं नाही असं माणूस गाठा. माझं माणूस म्हणजे कॅशवरची मैत्रीण. गेल्या वर्षी एक शेतकरी मेलेल्या म्हशीच्या कानातला बिल्ला घेऊन आला होता. बिल्ला जोडल्याशिवाय क्लेम पुढे सरकत नाही. त्यावर मी लिहिलं:

‘काळाने मृत्यूच्या कानी टांगलेला आकड्यांचा शाप’

डबा खाता खाता तिनं वाचलं आणि विचारलं, “कुणाच्या कानात?” मी म्हटलं, म्हशीच्या. “मग म्हैस कुठाय यात?” राग आला, पण म्हैस खरंच नव्हती. असं झालं की समजावून सांगू नका. ‘कुठे अडलीस?’ एवढंच विचारा आणि तिथे पेन्सिलीनं खूण करा. मग सर्व्हे रिपोर्ट लिहितो तसं लिहा: काय होतं, कुठल्या रंगाचं, कुणाच्या हातात. छोट्या कवितेचे तीस-चाळीस खर्डे करण्याबद्दल कूझर बोललेला आहे. माझे नऊ झाले. नववा असा:

‘रुमालात बांधून आणला त्यानं
म्हशीच्या कानातला पिवळा बिल्ला.
नंबर पुसला जाईल म्हणून
धुतला नव्हता.’

मैत्रिणीनं वाचलं, डबा झाकला, आणि त्याला पैसे मिळाले का, ते विचारलं. कविता झाली की नाही ते मला यावरून कळतं.

लांबी आवरत नसेल तर पोस्टकार्ड घ्या. १९९८ मध्ये कूझरला कॅन्सर झाला. रेडिएशननंतर उन्हात जायला बंदी, म्हणून तो दिवस उजाडायच्या आत फिरायला जायचा आणि आल्यावर एक छोटी कविता पोस्टकार्डावर चिकटवून जिम हॅरिसन या लेखक मित्राला पाठवायचा. त्यातल्या शंभर कार्डांचं पुढे पुस्तक झालं. त्याही आधी, १९८६ पासून, तो दर व्हॅलेंटाइनला बायकांना कविता छापलेली कार्डं पाठवत असे. यादी अडीच हजारांवर गेली, तिकिटांचा खर्च झेपेना, तेव्हा २००७ मध्ये थांबला. आपल्याकडे कार्ड पन्नास पैशांना मिळतं. दहा घेऊन ठेवा, पोस्टात दर वेळी असतीलच असं नाही. पत्त्याची बाजू सोडली की आठ-दहा ओळी मावतात. मावत नसेल तर पहिल्या दोन ओळी खोडा. बहुतेकदा त्या घसा खाकरण्याच्याच असतात.

संग्रहाची घाई नको. मी पदरचे पैसे घालून एक काढला, अजून दिवाणात गठ्ठे आहेत. कूझरनं २००५ मध्ये वर्तमानपत्रांना आठवड्याला एक कविता फुकट द्यायला सुरुवात केली, दुसऱ्यांच्या कविता, वर ओळख करून देणाऱ्या स्वतःच्या दोन ओळी. ते मला जमण्यातलं नाही. मी दर सोमवारी वाईच्या मावशीला एक कार्ड टाकते. बिल्ल्याच्या कवितेला तिचं उत्तर आलं: ‘म्हशीचं वाचून वाईट वाटलं. पिनकोड नीट लिहीत जा.’