सातव्या महिन्यानंतरची सायकल: सीट, हँडल, रस्ता आणि थांबायची वेळ

गरोदरपण सुरळीत असेल तर पायडल मारल्याने पोटातल्या बाळाला काही होत नाही. शरीराचा बराचसा भार सीटवर असल्याने गुडघ्यांना आणि घोट्यांना उलट आरामच मिळतो. खरा धोका पडण्याचा. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशय कमरेच्या हाडांच्या आड असतं. सातव्या महिन्यात ते बेंबीच्या बरंच वर आलेलं असतं आणि पडलं तर मार थेट पोटावर बसतो. त्यात तोल पुढे सरकलेला आणि सांधे सैलावलेले. म्हणून 28व्या आठवड्यापासून सायकलीची बांधणी, रस्ता, वेळ, कपडे हे सगळं ठरवताना एकच पाहायचं: यामुळे पडायची शक्यता वाढते की कमी होते?

आधी डॉक्टर. "सायकल चालवली तर चालेल का?" असं मोघम विचारलं की उत्तरही मोघम मिळतं. नेमकं विचारा: वार (प्लॅसेंटा) खाली आहे का? गर्भपिशवीचं तोंड आखूड झालंय का, टाका घातलाय का? रक्तदाब वाढलाय का? हिमोग्लोबिन फार कमी आहे का? वेळेआधी कळा येण्याचा धोका आहे का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल, जुळं असेल किंवा अंगावरून रक्त गेलं असेल, तर डॉक्टर स्पष्ट परवानगी देईपर्यंत व्यायामाची जागेवरची सायकलसुद्धा नको. आणि आजवर नियमित सायकल चालवली नसेल तर रस्त्यावरची सुरुवात या महिन्यांत करू नका.

आता सायकल. मधला दांडा नसलेली, खाली झुकलेल्या फ्रेमची लेडीज सायकलच हवी. मागून पाय टाकून चढणं आता बंद. दोन्ही ब्रेक दाबून धरा, सायकल थोडी आपल्याकडे कलती करा, एक पाय फ्रेममधून पलीकडे टाका, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून सायकल सरळ करा आणि मगच सीटवर बसा. उतरतानाही पूर्ण थांबून, सीटवरून पुढे सरकून पाय टेकवायचा.

सीटच्या उंचीत खरी ओढाताण आहे. सीट खाली घेतली की पाय जमिनीला चटकन टेकतात, पण गुडघे वर येऊन पोटाला लागतात. वर घेतली की पोटाला जागा मिळते, पण थांबताना तोल जातो. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे नीट टेकतील, ही मधली उंची बहुतेकींना जमते. तरीही मांडी पोटाला घासत असेल तर सीट आणखी वर चढवू नका, क्रँक, म्हणजे पायडल जोडलेला दांडा, बदला. मोठ्यांच्या सायकलीला साधारण 170 मिलीमीटरचा क्रँक असतो. लहान मुलांच्या सायकलीचा 152चा बसवून घेतला तर गुडघा जवळजवळ 2 सेंटीमीटर कमी वर येतो, आणि या दिवसांत तेवढ्यानेही मोठा फरक पडतो. पायडलं रुंद आणि खडबडीत हवीत, पाय अडकवणारे पट्टे किंवा क्लिप काढून टाका. गुडघे थोडे बाहेर फाकवून पायडल मारणं आता साहजिक आहे, फक्त टाचही त्याच दिशेला वळू द्या, म्हणजे गुडघा पिळवटणार नाही.

हँडल सीटपेक्षा किमान 5 सेंटीमीटर वर हवं. जुन्या पद्धतीच्या सायकलीत हँडलच्या दांडीवरचा बोल्ट दोन-तीन फेरे सैल करा, त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने हलकेच ठोका, आतली पाचर सुटते आणि दांडी वर येते. दांडीवर कोरलेली शेवटची खूण बाहेर दिसता कामा नये, नाहीतर दांडी मोडू शकते. नव्या सायकलींना दुकानातून उंची वाढवणारा तुकडा बसवून घ्यावा लागतो. दोन्हींत ब्रेकच्या वायरी पुरतात का हे हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. या महिन्यांत हातांना सूज येते, मनगटात मुंग्या येतात, त्यामुळे ब्रेकची मूठ बोटांच्या आणखी जवळ आणून घ्या आणि अंगठ्या घरी ठेवा.

सीट रुंद, मऊसर, आणि तिचं टोक अगदी किंचित, दोन-तीन अंशच, खाली झुकलेलं असावं. टोक वर असेल तर नाजूक भागावर दाब येऊन बधिरपणा येतो, आणि तिथे शिरा सुजलेल्या असतील तर दुखणं वाढतं. टोक फार झुकवलं तर सतत पुढे घसरायला होतं आणि सगळा भार हातांवर येतो. टायरवर लिहिलेल्या मर्यादेत राहून हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवा, खड्ड्यांचे हादरे कमी होतात. गिअर नसलेल्या सायकलीला 18 दातांच्या फ्रीव्हीलऐवजी (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) 20 किंवा 22चं बसवलं तर चढावर जोर कमी लागतो. चेन आखूड पडली तर एक-दोन कड्या वाढवाव्या लागतील. बॅटरीवरची सायकल चढाला सोपी खरी, पण ती बहुधा 20 किलोच्या वर असते, कलली तर सावरता येत नाही. पायडल मारताना मोटर सर्वांत कमी मदत करेल अशाच पातळीवर ती ठेवा.

साडी, ओढणी, सैल सलवार नको. चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी असली तरी नको. पोटावरून वर येणाऱ्या कमरेची लवचिक लेगिंग, नीट आधार देणारी ब्रा, घट्ट बसणारे बूट आणि हेल्मेट. खिशात फोन आणि एका कागदावर आठवडे, रक्तगट, डॉक्टरांचा आणि घरचा नंबर. पाण्याची बाटली कॅरिअरवर नको, थांबून हाताला लागेल अशी ठेवा.

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी मुली दिवस भरत येईपर्यंत सायकल चालवताना दिसतील, कारण तिथे सायकलीचे रस्ते गाड्यांपासून वेगळे आहेत. तोच हिशेब पुण्याच्या सिंहगड रस्त्याला किंवा नाशिकच्या द्वारका चौकाला लावू नका. उलट्या बाजूने येणारी दुचाकी, रंग उडालेला स्पीडब्रेकर, अंगावर येणारं कुत्रं, यांतलं काहीच आपल्या हातात नसतं. आपल्याकडे जागा म्हणजे सोसायटीचा आतला रस्ता, विद्यापीठाचा किंवा कॉलनीचा परिसर, तोही सकाळी सातच्या आत आणि ओला नसताना. लांब जाऊ नका. घराभोवती घिरट्या घाला, म्हणजे दमलं की घर पाच मिनिटांवर. 20 ते 30 मिनिटं पुरेत. सोबत कुणाला तरी घ्या आणि बोलत राहा. पूर्ण वाक्य न धापता बोलता आलं पाहिजे, नाहीतर वेग जास्त आहे. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात बाहेरची सायकल बंदच ठेवा.

जागेवरची सायकल हा कमीपणा मानू नका. वळताना तोल एकदा जरी गेला, मागे वळून पाहताना सायकल वाकडी जाऊ लागली किंवा जांघेच्या मधल्या हाडात कळ आली, की त्या दिवसापासून रस्ता सोडा. पाठीला टेका असलेली सायकल उत्तम. आसन मागे सरकवून मांडी आणि पोट यांत मोकळी जागा ठेवा. पायडलचा अडथळा (रेझिस्टन्स) हलका, मिनिटाला 50 ते 60 फेरे, समोर पंखा. शेवटची पाच मिनिटं अगदी सावकाश मारा. एकदम थांबलं तर रक्त पायांत साठतं आणि उतरताना घेरी येते. जिमच्या स्पिन बाइकवर बसू नका. त्यांच्या जड चाकाचा वेग पायडलला ओढत राहतो, पाय मनाजोगा थांबत नाही.

रक्त किंवा पाणी जाणं, ठरावीक अंतराने कळा, छातीत दुखणं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, एकाच पोटरीत सूज आणि दुखणं, बाळाची हालचाल मंदावणं: यातलं काहीही झालं तर सायकल तिथेच सोडून द्या आणि डॉक्टरांना फोन करा. गरज पडली तर 108.

आणि पडलात तर, खरचटलंही नसलं तरी, त्याच दिवशी रुग्णालयात जा. वार गर्भाशयापासून सुटायला लागली तर बाहेरून काहीच दिसत नाही असंही होतं, म्हणून बाळाचे ठोके आणि कळा किमान चार तास यंत्रावर पाहतात. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर पोहोचल्याबरोबर तसं सांगा. अँटी-डी इंजेक्शन लागलं तर ते 72 तासांच्या आत घ्यायचं असतं.