सायकल होती ना त्याच्याकडे? : पहिल्या प्रेमाच्या पुनर्भेटीची कादंबरी कशी लिहावी

कॉलेजातलं प्रेम, ताटातूट, मध्ये पंधरा-वीस वर्षं आणि मग पुन्हा भेट. या साच्याच्या सात कादंबऱ्या मी लिहिल्या, आणि इतरांची हस्तलिखितं किती वाचली ते मोजलेलं नाही. पुण्यात अशा पुस्तकांना नाकं मुरडणारे बरेच आहेत, पण वाचनालयात सगळ्यात जास्त पानं दुमडलेली असतात ती यांचीच. नव्याने लिहायला बसणाऱ्याला सल्ले मात्र एकेक मिळतात: मनापासून लिहा, पावसात भेटवा, शेवटी रडवा. मनापासून तर सगळेच लिहितात. तुम्ही खालच्या क्रमानं जा.

१. आधी वर्षं मांडा

वही, पेन आणि पात्रांची नावं तुमची तुम्ही बघा. मी पानावर एक उभी रेघ मारते. डावीकडे वर्ष, उजवीकडे दोघांची वयं आणि त्या वर्षी पुण्यात काय होतं ते. समजा वेगळे झाले २००३ मध्ये, वय २१. भेटले २०२४ मध्ये, वय ४२. मग २००३ मध्ये ती पीएमटीने, म्हणजे तेव्हाच्या शहर बसने जाईल, कारण तिची पीएमपीएमएल झाली २००७ मध्ये. विद्यापीठाला आजचं नाव २०१४ मध्ये मिळालं, मेट्रो सुरू झाली मार्च २०२२ मध्ये. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे पाडला. आता नायक वीस वर्षांनी परदेशातून आला आणि ज्या पुलाखाली दोघं पावसात थांबायचे तो पूलच जागेवर नाही, तर काळ किती गेला हे सांगायला तुम्हाला वेगळा परिच्छेद लागत नाही.

ही रेघ न मारण्याची शिक्षा मी भोगली आहे. चौथ्या कादंबरीत मी नायिकेला २०२१ मध्ये शिवाजीनगरच्या एसटी स्टँडवर दीड तास बसवलं, नाशिकच्या गाडीची वाट बघत. ते स्टँड २०१९ संपता संपताच वाकडेवाडीला हललं होतं. एका आजोबांनी पोस्टकार्ड धाडलं: ‘आपली नायिका अजून तिथेच बसली आहे काय?’ कादंबरीबद्दल बाकी एक अक्षर नव्हतं.

२. ताटातूट कशामुळे झाली

इथे थांबा. निम्म्याहून जास्त हस्तलिखितं मी याच पायरीवर परत केली आहेत, आणि माझी पहिली कादंबरी इथेच आपटली.

त्या कादंबरीत नायकाच्या बहिणीने नायिकेचं पत्र लपवलं होतं. ती कसब्यात राहायची, तो सदाशिव पेठेत. पत्र मिळालं नाही म्हणून त्याला वाटलं तिचा नकार आहे; उत्तर आलं नाही म्हणून तिला वाटलं तो बदलला. अठरा वर्षांनी माळ्यावरच्या ट्रंकेत पत्र सापडतं. लिहिताना मी स्वतः रडले होते. पुस्तक आलं आणि आमच्या वाचनालयातल्या बाईंनी ते परत घेताना, शिक्का मारता मारता, चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, “पत्र लपवलं ते ठीक. पण तो दोन पेठा ओलांडून तिच्या घरी येऊ शकला नाही? सायकल होती ना त्याच्याकडे? तुम्हीच लिहिलंय, पान अकरावर.”

सायकल होती. हिरव्या रंगाची, कॅरिअरला सुतळी बांधलेली. मीच लिहिली होती.

म्हणून माझा पहिला नियम: गैरसमज हे ताटातुटीचं कारण होऊ शकत नाही. लपवलेलं पत्र, अर्धवट ऐकलेलं बोलणं, मामेभावाला प्रियकर समजणं, अपघात होऊन स्मृती जाणं, सगळं फेकून द्या. पाच मिनिटांच्या बोलण्याने जे मिटतं त्यावर वीस वर्षं उभी राहत नाहीत. आणि ते ट्रंकेतलं पत्र सापडलं की दोघांनाही काही करावं लागत नाही. दोष बहिणीचा, प्रेम आपोआप परत. वाचक इतका वेळ कशासाठी थांबला मग?

कारण दोघांपैकी एकाने केलेलं असलं पाहिजे. जाणूनबुजून, शुद्धीवर, आणि त्या वयात त्याला ते बरोबर वाटलेलं. दुष्टपणा नको, साधी माणसाची खोट हवी. तिसऱ्या कादंबरीत मी कारण चार वेळा बदललं. आधी जात, मग पैसा, मग अमेरिका, मग वडिलांचा पक्षाघात. सगळी कारणं खरी होती, पण सगळी बाहेरची. शेवटी जे टिकलं ते एवढंसं होतं: रविवारी सकाळी दहा वाजता तिच्या वडिलांशी बोलायला येतो असं तो सांगतो. येतो. वाड्याच्या जिन्याखाली चपला काढतो. वरून वडिलांचा आवाज येतो, ते दूधवाल्यावर दोन रुपयांवरून चढलेले असतात. तो चपला परत पायात सरकवतो आणि निघून जातो. दुसऱ्या दिवशी तिला सांगतो, ताप आला होता.

बास. जात, पैसा, अमेरिका या सगळ्यांना त्या जिन्याच्या मागे उभं राहू द्या, पण चपला त्यानेच परत घातल्या पाहिजेत.

तिचाही वाटा हवा, नाहीतर ती नुसती सोसणारी होते आणि अशा नायिकेचा मला कंटाळा आहे. माझ्या नायिकेने गॅलरीतून त्याला चपला घालताना पाहिलेलं असतं. ती तापाची चौकशी करते, क्रोसिन घे म्हणते आणि पंधरा दिवसांत सांगून आलेल्या पहिल्या स्थळाला होकार देते. रागाने. पाहिलं होतं हे त्याला कधी सांगत नाही.

हे जमलंय की नाही ते तपासायचं कसं? एका पानावर दोघांना समोरासमोर बसवा आणि सगळं खरं बोलू द्या. तू आला होतास. हो. मी पाहिलं. घाबरलो गं. या पानानंतर एकविसाव्या वर्षी ते लग्न करून मोकळे होत असतील तर तुमचं कारण कच्चं आहे. सगळं कळूनही जुळत नसेल, कारण तो अजून घाबरतोच आहे आणि तिला आता त्याचा भरवसा नाही, तर पुढे जा. हे पान कादंबरीत घालायचं नाही. फाडून टाका किंवा मागे ठेवा.

यावर लोक म्हणतात, जुन्या काळी संपर्कच तुटायचा, फोन कुठे होते. १९८५ च्या जोडप्याबद्दल बोलत असाल तर थोडंफार मान्य, जरी पुढच्या काही वर्षांत कोपऱ्यावर एसटीडीचं बूथ आलंच. २००३ च्या जोडप्याला ही सवलत नाही. त्याच वर्षी मोबाइलवर इनकमिंग फुकट झालं आणि लगेच २००४ मध्ये ऑर्कुट नावाचं समाजमाध्यम आलं. ते २०१४ पर्यंत चाललं, आणि त्यात कोण आपलं पान बघून गेलं त्याची नावं दिसायची. किती ऐवज आहे बघा यात! तिला सकाळी त्याचं नाव दिसतं, ती त्याचं पान उघडते, संध्याकाळी त्याला तिचं दिसतं. असं तीन वर्षं. एक शब्द कोणी लिहीत नाही. संपर्क होता आणि केला नाही, हे संपर्क नव्हता यापेक्षा कितीतरी जास्त दुखतं.

हे नवं नाही. जेन ऑस्टिनची ‘पर्स्वेजन’ तिच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या डिसेंबरात आली. त्यात एकोणीस वर्षांची मुलगी घरच्यासारख्या बाईचं ऐकून ठरलेलं लग्न मोडते आणि आठ वर्षांनी तोच माणूस समोर येतो. पत्र लपवणारं तिथे कोणी नाही. सल्ला देणाऱ्या बाईला तिचं भलंच हवं असतं, आणि तो सल्ला मानलेला असतो तिने.

आता यातलं अवघड. जी खोट तेव्हा दिसली तीच पुनर्भेटीनंतर पुन्हा समोर आली पाहिजे, तशाच वेषात. माझ्या नायकाला ४२ व्या वर्षी पुन्हा जिना चढायला लावला. या वेळी वर तिचा चौदा वर्षांचा मुलगा आहे, आणि तो “आई, कोण आहे हे?” असं जरा चढ्याच आवाजात विचारतो. चपला काढून झालेल्या आहेत. सगळी कादंबरी त्या पायरीवर उभी असते. इथे त्याला एकदम शूर करू नका. मी पहिल्या खर्ड्यात केला होता आणि तो हिंदी सिनेमातला कोणी वाटायला लागला. नंतरच्या खर्ड्यात तो पुन्हा खाली उतरतो, कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जातो, आणि तिथून परत येतो.

३. मधली वर्षं

वाट बघत कोणालाही बसवू नका. वीस वर्षांत माणसं सोसायटीचा मेंटेनन्स भरतात, मुलांना क्लासला सोडतात, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकतात. मधला नवरा किंवा बायको चांगली ठेवा. दारू पिऊन मारणारा नवरा आणला की नायिकेला निवड करावीच लागत नाही.

४. पहिली भेट

योगायोग एकदाच वापरता येतो. लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या आधी कोणीही कोणालाही भेटतं, पुणेकर वाचक त्यावर कुरकुर करत नाही. दुसरी भेट मात्र कामानेच व्हायला हवी. जुना वाडा बिल्डरला द्यायचाय आणि सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात, हे पुण्यातलं सगळ्यात भरवशाचं कारण. सह्या वर्षानुवर्षं होत नाहीत, त्यामुळे प्रकरणं हवी तितकी पाडता येतात.

पावसात भेटवू नका. छत्री, ओली ओढणी, टपरीचा चहा यांत पानं जातात आणि दोघं बोलत काहीच नाहीत.

खरी गंमत सर्वनामात आहे, आणि ती नवे लेखक सर्रास वाया घालवतात. वीस वर्षांपूर्वी ‘ए’ म्हणून हाक मारणारी आज चारचौघांत त्याला काय म्हणेल? शेजारी तिची नणंद उभी आहे. “कसे आहात?” यातल्या ‘आहात’ने तो जितका कळवळतो तितका कुठल्याही संवादाने कळवळणार नाही. त्याची अडचण वेगळीच: तिचं आताचं आडनाव त्याला ठाऊक नाही, नंबर घेताना मोबाइलमध्ये काय लिहावं कळत नाही, म्हणून तो नुसतं ‘वाडा सही’ असं सेव्ह करतो. मग ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी होतं ते नीट ठरवा. एकदाच, शक्यतो भांडताना, तिच्या तोंडून निसटलेलं. तोपर्यंत दोघांना क्रियापदं टाळत बोलू द्या: “चहा चालेल?”, “उशीर झाला ना?” मराठीत हे किती वेळ जमतं ते लिहून बघा.

५. जुन्या आठवणी

एका वेळी अर्ध्या पानाहून जास्त नको, आणि तिरप्या अक्षरात तर मुळीच नको.

६. घटस्फोट असेल तर

कायदा बघून लिहा. पंधरा दिवसांत मोकळी झालेली नायिका मी तीन हस्तलिखितांत पाहिली. हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीने घ्यायचा तरी आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावं लागतं. हे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. माफ करून घेऊ नका. सहा महिने म्हणजे तुमची चार प्रकरणं.

७. शेवट

लग्न दाखवू नका. हॉल, अक्षता, पंगत लिहिताना हात सैल सुटतो आणि पंधरा पानं उगाच वाढतात. तिसऱ्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण मी छापायला जायच्या आदल्या आठवड्यात काढून टाकलं. आता ती संपते तेव्हा तो वर आलेला असतो, मुलगा आत अभ्यासाला गेलेला असतो, आणि ती दाराबाहेर पडलेल्या त्याच्या चपला उचलून आतल्या रॅकवर ठेवते.

वाचनालयातल्या बाईंनी तेही पुस्तक वाचलं. परत घेताना म्हणाल्या, “रॅक होता का आधी? बघून सांगते.”